डावीकडून तिसरा

११ एप्रिल २०१९, गुरुवार

तोदोरा लिलोवा चाकारोवा मरण पावलेली नाही. हे प्रथम नमूद करतो, कारण आज सकाळी निम्मे गाव ती गेली असे धरून चालले होते — आणि दोष माझ्या माथी मारण्यात येत आहे!

घडले ते असे. आमच्या वाचनगृहाचा एक ब्लॉग आहे. त्यावर गावातील जुनी छायाचित्रे लावली जातात. छायाचित्रात कोण उभे आहे हे खात्रीने सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे. सबब प्रत्येक छायाचित्राखालची ओळ मी तोंडी सांगतो आणि सचिव इस्क्राबाई ती टंकित करतात. त्याखालचा लेख त्या स्वतः रचतात. तो कोणी वाचत नाही.

ब्लॉगच्या पहिल्या पानावर सगळा मजकूर मावत नाही. तेथे छायाचित्र येते, त्याखाली सुरुवातीचे काही शब्द, मग तीन ठिपके आणि 'पुढे वाचा'. माझी ओळ सर्वांत वर असल्यामुळे ते शब्द माझे असतात. काल तोदोराचे शिवणयंत्रापाशी बसलेले, १९६१ सालचे छायाचित्र लागले. मी तिचे नाव, पित्याचे नाव, जन्मसाल, स्वभाव असे सर्व रीतसर सांगितले होते आणि शेवटी म्हटले होते की सदैव स्मरणात राहील असे भरतकाम ती अद्याप करीत आहे. यंत्राने ओळ 'सदैव स्मरणात राहील' येथे तोडली. तीन ठिपके!

वर चेहरा, खाली नाव, जन्मसाल, दोन चांगले शब्द. गावातल्या प्रत्येक फाटकावर आणि खांबावर डकवलेल्या शोकपत्रकात याहून वेगळे काय असते? लोकांनी भ्रमणध्वनीवर पाहिले आणि फुले घेऊन निघाले. मृतासाठी नेतात तशी, सम संख्येत. ज्यांनी ती ओळ स्वतःच्या बोटांनी टंकित केली होती, त्या इस्क्राबाईच सर्वांच्या पुढे होत्या! तोदोराने पाण्याची नळी हातात घेऊन फाटक उघडले. गर्दीकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "मी मेले की कळवीनच. फुलं आणलीत ती ठेवा पायरीवर, पण माझ्या कांद्याच्या वाफ्यातून आधी बाहेर व्हा."

दुपारी इस्क्राबाईंचा निरोप आला. उद्या भेटावे म्हणून.


१२ एप्रिल

भेटलो. कोट घालून गेलो.

इस्क्राबाई म्हणाल्या की यापुढे ओळ आखूड हवी. केवळ नाव आणि साल. मी नकार दिला. तरुणपणी मी या गावचा दवंडीवाला होतो. गळ्यात ढोल अडकवून चौकाचौकात उभा राहत असे आणि सरपंचाचा हुकूम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सांगत असे. अर्धे वाक्य सांगून ढोल उचलला असे माझ्या हातून एकदाही झाले नाही. पुढे खांबावर कर्णे आले आणि मला सहकारी कोठारात धाडले, ती गोष्ट वेगळी. माझे शिक्षण चौथीपर्यंत आहे. तथापि माणसाचे नाव त्याच्या पित्याच्या नावासह घ्यावे आणि वाक्य पुरे करावे, एवढे चौथीत शिकवतात. इस्क्राबाई विद्यापीठात गेल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "रादोयकाका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण असंच चाललं तर जिवंत माणसांच्या दारात रोज गर्दी होईल." मग त्यांनी खरा बेत सांगितला. पहिल्या पानावरून माझी ओळ गाळायची. ती आतल्या पानावर, छायाचित्राखाली राहील. पुढे फक्त त्यांच्या लेखाची सुरुवात दिसेल. ब्लॉगचे तांत्रिक काम रुसे शहरातली नेव्याना पाहते. तिला बोलावले आहे.

म्हणजे लोकांनी वाचले नाही ही चूक लोकांची, यंत्राने तोडले ही चूक यंत्राची, आणि शिक्षा माझ्या ओळीला.


१५ एप्रिल

दुकानात तिघांनी मला विचारले की पुढचा नंबर कोणाचा. पाव घेतला आणि निघालो.


२० एप्रिल

आज इस्क्राबाईंनी एक छायाचित्र पुढे ठेवले. १९६३ साल, वाकड्या झऱ्यासमोर आमचे नृत्यपथक. सहा जण, कमरेला पट्टे, हात एकमेकांच्या खांद्यांवर. चोवीस मे रोजी, अक्षरांच्या सणाला, हे पहिल्या पानावर लागणार आहे.

मी डावीकडून सांगत गेलो. पहिला पेयो नाकोव रुसिनोव, कै. दुसरा गान्चो मिलेव, कै. चौथा मी. पाचवा आणि सहावा हे दिमोव बंधू, दोघेही कै. तिसऱ्यापाशी मी थांबलो.

तिसरा वेल्को स्तानेव चौशेव आहे. गवंडी. पथकात होरो हा साखळीचा नाच नाचताना सर्वांत पुढे तोच असे आणि म्होरक्याचा रुमाल त्याच्या हातात असे, हे खोटे नाही. तो हयात आहे. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेना हिला जाऊन एक वर्ष झाले, तेव्हा मी तिचे वर्षाचे शोकपत्रक बस थांब्यावर डकवले. छायाचित्र मी निवडले होते, मजकूर मी सांगितला होता. दुसऱ्या दिवशी गेलो तो तिच्या चेहऱ्यावर दुसरा कागद! नेमका चेहऱ्यावर, चारही कोपऱ्यांना गोंद लावून. 'बकरी विकणे आहे. चौशेव.' मी नखांनी तो कागद सोडवू लागलो, तर त्याबरोबर गेनाचा चेहराही सुटून आला.

त्या दिवसापासून मी त्याच्या गल्लीत पाऊल टाकलेले नाही. त्याने कधी येऊन एक शब्द उच्चारला नाही. माझ्या समोर त्याचे नाव घ्यायचे नाही, हे सर्व गावाला ठाऊक आहे.

मी इस्क्राबाईंना सांगितले, "लिहा. तिसरा: अनोळखी."

त्यांची बोटे थांबली. "काका, हा तर वेल्कोकाका."

"एकोणीसशे त्रेसष्टमध्ये आपला जन्म झाला होता काय?"

"नाही."

"मग लिहा."

त्यांनी लिहिले. ओठ मिटून लिहिले, परंतु लिहिले. चोवीस मेला सर्व गाव पहिले पान पाहील. स्पेनमध्ये गेलेले पाहतील, जर्मनीत गेलेले पाहतील. त्याने तिचा चेहरा झाकला. मी त्याचे नाव झाकीन. पहिल्या पानावर — सर्वांसमक्ष. त्याआधी ती नेव्याना माझी ओळ गाळून मोकळी झाली नाही म्हणजे झाले.


२८ एप्रिल, ईस्टर

अंडी रंगवली. अंड्यावर अंडे आपटायचे, ज्याचे फुटत नाही त्याचे वर्ष चांगले जाते. माझे लाल अंडे फुटले नाही. त्यावर आपटायला दुसऱ्या कोणाचे अंडे नव्हते, हेही नमूद करतो.


४ मे

नेव्याना आली. चाळिशीची बाई, केस मुलासारखे कापलेले, बोलताना खुर्चीवर मांडी घालते. पूर्वी शाळेत संगणक शिकवत असे, आता दहा गावांचे ब्लॉग सांभाळते. मी तिला थेट विचारले की नक्की काय कापणार.

तिने न कंटाळता समजावले, हे मान्य करणे भाग आहे. छायाचित्राखालची ओळ लेखाच्या मजकुरातच चौकटी कंसांमध्ये लिहिलेली असते. पहिले पान तयार करताना ब्लॉगचा साचा चित्र काढून टाकतो, कंस काढून टाकतो, परंतु कंसांच्या आतले शब्द तसेच ठेवतो. मग पंचावन्न शब्द मोजतो आणि कात्री चालवतो. ओळ कोठे संपली आणि लेख कोठे सुरू झाला हे त्याला कळतच नाही. आता ती साच्यात काही ओळी घालणार, की आधी कंस आणि त्यातला मजकूर दोन्ही उचलून बाजूला ठेव, नंतर शब्द मोज.

"म्हणजे माझे शब्द मोजणीतच धरणार नाहीत," मी म्हणालो.

"आजोबा, आत असतील ना. फोटोखाली, जसेच्या तसे. मी एक अक्षर पुसणार नाही."

"आत कोण जातो?"

ती हसली. "खरं सांगू? कोणीच नाही. सगळे पहिलं पान बघून फोन खिशात घालतात."

निदान खरे बोलली.

पुढे म्हणाली की मूळ साच्याला हात लावायचा नसतो. नवी आवृत्ती आली की केलेले काम वाहून जाते. म्हणून साच्याचे एक पोर तयार करायचे आणि जो बदल करायचा तो पोरात करायचा. साच्यालाही पोर असते! माझ्या घरी नाही, इस्क्राबाईंच्या घरी नाही, या गावातल्या निम्म्या घरांत नाही, साच्याला मात्र आहे. मी हे मोठ्याने बोललो नाही.

विचारले ते इतकेच की हे काम कधी होणार. ती म्हणाली की आधी घरी करून पाहावे लागेल, दहा गावांचे काम आहे, जूनच्या आत काही होत नाही. मी कोट उचलला. जून म्हणजे चोवीस मेनंतर.

इस्क्राबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "काका, आज इतके खूश कसे?" मी म्हटले, हवा चांगली आहे.


१७ मे

आज दुरून त्याला पाहिले. दुकानापुढच्या बाकावर बसला होता, एकटा. कोटाची बटणे चुकीच्या काजांत. पूर्वी असा नव्हता. गवंडी असून कॉलर पांढरी ठेवत असे. आता स्वतःकडे पाहण्याचीही लाज उरली नाही!


२४ मे

लागले!

सकाळी वाचनगृहात गेलो. संगणकाच्या पडद्यावर, सर्वांत वर, आमचे पथक. त्याखाली माझी ओळ. गान्चोनंतर 'तिसरा: अनोळखी', त्यानंतर माझे नाव पित्याच्या नावासह, मग थोरला दिमोव, आणि तेथे ठिपके. धाकटा दिमोव तुटला. त्याचा आत्मा मला क्षमा करो. 'अनोळखी' मात्र शाबूत.

चौकात मिरवणूक निघाली. मुलांनी पाठ्यपुस्तकांवर फुलांच्या माळा घातल्या होत्या, वाजंत्री सुरात नव्हती. लोक माझ्याकडे पाहून कुजबुजत होते. कुजबुजू दे! वेल्को पहिल्या रांगेत मुलीशेजारी बसला होता. त्याची मुलगी दोब्रिंका गेल्या वर्षी नवऱ्याला सोडून बापाकडे राहायला आली, असे लोक म्हणतात. मी मुद्दाम त्याच्या समोरून गेलो. सावकाश गेलो. त्याने मुलांसाठी टाळ्या वाजवल्या, मग माझ्याकडे पाहून मान लववली, जशी परक्या पाहुण्याला लववतात. राग नाही, शरम नाही, काही नाही.

या निर्लज्जपणाला काय म्हणावे? चार वर्षे मी ज्या घटकेची वाट पाहिली, ती त्याने अशी टाळ्या वाजवत घालवली.

तोदोराने मला झऱ्यापाशी गाठले. हल्ली ती मेलेल्या माणसाच्या तोऱ्यात बोलते. म्हणाली, "रादोय, मला तू जिवंतपणी मारलंस, मी हसले. पण त्याच्याशी एका ताटात जेवलायस तू. तुझ्या घराचा पाया त्याने घातलाय, विसरलास?" मी म्हटले की पायाचे पैसे चुकते केले होते. ती म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा नळीशी बोलावं," आणि गेली.


२६ मे

इस्क्राबाईंनी वाचनगृहाचे कार्यकारी मंडळ बोलावले. मंडळ म्हणजे त्या, सरपंच, तोदोरा आणि मी. बार्सेलोनाहून, म्युनिकहून फोन येत आहेत म्हणे. वेल्कोकाकांना अनोळखी कोणी ठरवले? ज्यांच्या घराच्या भिंती त्याने बांधल्या, त्यांची मुले विचारत आहेत.

इस्क्राबाई म्हणाल्या, ओळ बदला. मी म्हणालो, बदलणार नाही. छायाचित्र ओळखण्याचे काम मंडळाने लेखी ठरावाने मला दिले आहे. तो ठराव रद्द करा, मग दुसऱ्याला विचारा. दुसरा कोणी आहे काय?

सरपंच माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. टोपी चोळत बसले होते. म्हणाले, "काका, तुम्हाला कोण शिकवणार? पण हे पहिल्या पानावर नको. बाहेरून लोक बघतात. गावाचं हसं होतं." इस्क्राबाईंनी तेथूनच नेव्यानाला फोन लावला आणि सांगितले की जूनपर्यंत थांबू नकोस, याच आठवड्यात कर, सगळ्या गावांच्या आधी आमचे कर.

मतदान झाले. विरोधात मी एकटा. तोदोराने तर दोन्ही हात वर केले.


२९ मे

झाले. ओळ गाळली गेली.

आता पहिल्या पानावर आमचे सहा चेहरे आहेत आणि त्याखाली इस्क्राबाईंचे वाक्य: 'अक्षरे म्हणजे आपल्या लोकांच्या आत्म्याचे पंख होत आणि…' पंख! आम्ही सहा जण घामाने निथळत उभे होतो, दिमोव बंधूंपैकी एकाचा जोडा फाटलेला होता, आणि खाली पंख!

प्रामाणिकपणे लिहायचे तर काम तिने नीट केले आहे. मागची सर्व पाने पाहिली. तोदोरा, गिरणी, शाळेची सहल — कोठेही आता ओळ लेखाला चिकटत नाही. कोणीही मेल्यासारखे दिसत नाही. कोणी कोण आहे हेही दिसत नाही.

'पुढे वाचा' दाबले. आत होती. 'तिसरा: अनोळखी.' विहिरीच्या तळाला पडलेल्या नाण्यासारखी. कोण उतरणार तेथे? तो सुटला.


३ जून

तो माझ्या फाटकाशी आला!

मी द्राक्षवेलीला टेकू देत होतो. कडी वाजली. पाहतो तो वेल्को, हातात मुलीचा भ्रमणध्वनी. दोब्रिंका गल्लीच्या टोकाला उभी होती, जवळ आली नाही. त्याने टोपी काढली. टोपी काढून म्हणाला, "रादोय, तुला एक विचारायचं होतं. गावात तुझ्याएवढं कोणाला माहीत नाही. हा तिसरा पोरगा कोण रे?"

चोवीस मेला सर्वांसमक्ष त्याला काही झाले नाही असे मी समजत होतो. आता कळले, त्याने सूड राखून ठेवला होता. दारात येऊन माझीच ओळ माझ्या तोंडावर फेकायची! मी टेकू खाली ठेवला आणि शक्य तितक्या स्पष्ट उच्चारात सांगितले, "अनोळखी."

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मलाही तेच वाटलं. पण नाचायला चांगला असेल हो. उभा कसा आहे बघ."

टोपी घातली आणि गेला. टेकू पुन्हा लावताना वेलीची एक फांदी मोडली. संतापाने.


४ जून

पुन्हा आला. तीच टोपी, तेच शब्द. "रादोय, तुला एक विचारायचं होतं." मी फाटक त्याच्या तोंडावर लावले आणि आतून कडी घातली. म्हातारपणात इतका कडवट विनोद करायला माणूस किती नीच असावा लागतो!


९ जून

आता दुकानापुढच्या बाकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतो, असे कळले. सर्व गाव माझ्याविरुद्ध उभे करण्याचा डाव आहे. दुकानदार मला म्हणाला, "रादोयकाका, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच मिटवा." मी त्याला सांगितले की त्याच्या तराजूचा काटा कलतो, आधी तो मिटव.


१५ जून, पितरांचा शनिवार

स्मशानात गेलो. गेनासाठी उकडलेले गहू, वाटीभर चेरी, थोडी वाइन. थडग्यावर वाइन ओतली, मेणबत्ती लावली. वारा होता, दोनदा विझली. आसपासच्या बाया रीतीप्रमाणे गव्हाच्या पुड्या वाटत होत्या.

एक पुडी माझ्यापुढे आली. वर पाहतो तो दोब्रिंका. आईच्या थडग्याकडून आली होती. वेल्कोची बायको पेन्का गेनाच्या दोन वर्षे आधी गेली. मृतांच्या नावाने दिलेले नाकारता येत नाही. मी पुडी घेतली आणि पाठ फिरवली.

तिने माझ्या पाठीशी बोलायला सुरुवात केली. हे सर्व मी आठवून लिहीत आहे, तिच्याच शब्दांत.

"काका, बाबांना आता कळत नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलंय त्याला, मला ते उच्चारता येत नाही. रोज सकाळी फोन मागतात. तुमच्या वाचनगृहाचं पहिलं पान उघडून द्यायचं. आत जाता येत नाही त्यांना, कुठे दाबायचं ते विसरतात. त्या फोटोवर बोट ठेवतात आणि विचारतात हा कोण. मी म्हणते, बाबा, तुम्हीच. तर मला रागावतात. म्हणतात, रादोयला विचारलंय मी. रादोय म्हणाला अनोळखी. रादोयला सगळे माहीत असतात, मी असतो तर त्याने सांगितलं नसतं का?"

मी म्हणालो की चार वर्षांपूर्वी त्याला सर्व कळत होते. बकरी विकायची हे कळत होते, गोंद लावायचा हे कळत होते.

तिने उरलेल्या पुड्या कठड्यावर ठेवल्या. मग म्हणाली, "तुम्हाला ते माहीत असेल असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी तो कागद आमच्या फाटकावरही लावला होता. आईच्या पत्रकावर. तिच्या तोंडावर. तेव्हाच कळलं आम्हाला, की काहीतरी बिघडलंय. मी तेव्हा भेटायला आले होते, पहाटे खरवडून काढला, कोणी बघायच्या आत. लाज वाटली. बस थांब्यावरचा राहिला, माझ्या लक्षातच आलं नाही. आणि बकरी तर, काका, आमच्याकडे नव्हतीच. कधीची विकली होती."

मी गेनाच्या थडग्यावरची मेणबत्ती तिसऱ्यांदा लावली. विझली नाही. दोब्रिंका कधी गेली ते पाहिले नाही.


१६ जून

बहाणा आहे. मुली बापासाठी बोलतातच. तिच्या आईच्या चेहऱ्यावर त्याने तो कागद लावला, याला साक्षीदार कोण? तीच.


१७ जून

त्याच्या गल्लीत गेलो. त्यांच्या फाटकावर पेन्काचे नवे पत्रक आहे. शेजारी लाकडावर गोंदाचे जुने चार डाग दिसतात. चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे.

तो अंगणात बसला होता. मला पाहून टोपी काढली.


१८ जून

नेव्यानाला बोलावून घेतले. ती म्हणाली की साचा आता कोणतीही ओळ पहिल्या पानावर येऊ देत नाही. मात्र संक्षेपासाठी वेगळी चौकट असते. तीत हाताने लिहिले की यंत्र मोजत नाही, कापत नाही, तेच दाखवते. मी सांगितले, तिने टंकित केले. इस्क्राबाई म्हणाल्या की सार्वजनिक पानावर असे लिहीत नाहीत. मी म्हणालो, लिहा.

'डावीकडून तिसरा तूच, वेल्को. — रादोय.'

पित्याचे नाव घातले नाही. इतर पाच जण आत आहेत. चौथा मीही आत आहे. ज्याला पाहायचे असेल त्याने पुढे वाचावे.